गटर ५ मिमी की २० मिमी?

म्हापशाहून एक प्रश्न आला आहे. जत्रोत्सवाच्या ए४ आकाराच्या स्मरणिकेची पानं लावायची आहेत. डिझाइनच्या वर्गात ‘गटर ५ मिमी ठेवा’ असं शिकवलं, तर छापखाना म्हणतो ‘गटरला २० सोडा’. खरं कोणाचं, आणि मराठीत याला म्हणायचं काय?

दोघांचंही खरं. घोटाळा शब्दाचा आहे. इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये गटर म्हणजे दोन कॉलमांमधली मोकळी जागा. हात लावला नाही तर ती १२ पॉइंट, म्हणजे ४.२३३ मिमी असते. वर्डमध्ये मात्र गटर म्हणजे बांधणीसाठी समासात घातलेली जास्तीची भर. छापखानेवाला बोलतो तो या दुसऱ्या अर्थाने. उघड्या पुस्तकाची दोन पानं मधोमध खाली उतरतात, कौलारू घराची दोन छपरं पन्हळीत उतरावीत तशी, आणि तिथला मजकूर वाचताना पुस्तक ताणून धरावं लागतं.

मराठीत ‘समास’ आयता आहे, शाळेच्या वहीत रेघ मारून सोडतात तोच. तेव्हा २० मिमी हा ‘बांधणीकडचा समास’ आणि ५ मिमी ही ‘कॉलममधली फट’. ‘स्तंभांतर’ वगैरे कोशात शोभेल; छापखान्यात ते कोणी उच्चारणार नाही. ग्रिडला, म्हणजे पानावर आखलेल्या या कॉलम-फटींच्या मांडणीला, जाळी म्हणा किंवा ग्रिडच म्हणा, त्यावरून काही अडत नाही.

अडतं ते हिशेबात. रुंदी २१० मिमी. बांधणीकडे २०, बाहेर १५ सोडले की १७५ उरतात. तीन कॉलम हवेत म्हणून १७५ ला सरळ तीनने भागू नका. फटी कॉलमांपेक्षा एकाने कमी असतात, म्हणजे दोन. त्यांचे १० वजा केले की १६५, आणि कॉलम ५५ मिमीचा.

पण स्मरणिका म्हटली की जाहिराती आल्या, आणि पाव पानाची जाहिरात तीन कॉलमांत बसत नाही: एका कॉलमात अरुंद, दोनात जास्त रुंद. म्हणून सहा कॉलम आखा. १७५ मधून पाच फटींचे २५ गेले, उरलेल्या १५० चे सहा भाग, प्रत्येकी २५ मिमी. दोन कॉलम आणि मधली फट मिळून ५५ होतात, म्हणजे लेखाचे तीन कॉलम जसेच्या तसे मिळतात. तीन कॉलम आणि दोन फटी मिळून ८५, ती पाव पानाची रुंदी. मात्र ५५ मिमीत ११ पॉइंटचा मजकूर दोन्हीकडून जुळवू नका. ‘कार्यकारिणीच्या’सारखा शब्द तोडला नाही तर तो पुढच्या ओळीवर जातो आणि मागे भोकं पडतात. डावीकडून लावा.

उभ्या दिशेला फट मिमीत नको, ओळीत मोजा. देवनागरीला वर वेलांटी, खाली उकार, त्यामुळे ११ पॉइंटच्या अक्षराला ओळीपासून ओळीपर्यंत १६ पॉइंटचं अंतर लागतं. पानात ४३ ओळी घेतल्या तर एक ओळ मोकळी सोडून वर-खाली २१-२१ उरतात, म्हणजे अर्धी पानं समान. फोटोची वरची कड शेजारच्या पहिल्या ओळीच्या शिरोरेषेला लावा, वेलांटीच्या टोकाला नव्हे. नजर शिरोरेषाच धरते. इनडिझाइनची चौकट पहिली ओळ फॉन्टच्या वरच्या भागाच्या उंचीइतकी खाली ढकलते, म्हणून टेक्स्ट फ्रेम ऑप्शन्समध्ये ‘फर्स्ट बेसलाइन’ला ‘फिक्स्ड’ निवडून आकडा स्वतः द्या.

आणि आधी बांधणी ठरवा. परफेक्ट बाइंडिंगला, म्हणजे पाठीला गोंद लावून केलेल्या बांधणीला, २० मिमी हवेतच. सेंटर पिनला, म्हणजे दुमडलेल्या पानांना मधोमध पिना मारल्या तर, १५ पुरतात, पण पानं जास्त असली की आतली पानं बाहेर सरकतात आणि कटिंगमध्ये त्यांचा बाहेरचा समास कापला जातो. पृष्ठक्रमांक कडेला चिकटवू नका. बांधणीकडचा समास १५ केला की मजकुराची रुंदी १८० होते आणि पाव पान ८७.५ मिमीचं. तोवर जाहिरातदारांना ८५ चं माप कळवून झालं असेल, तर आलेली प्रत्येक जाहिरात अडीच मिमी अपुरी पडणार.