आपत्ती आणि ‘देवाची इच्छा’

प्रश्न : तरुण मुलाच्या अंत्यविधीला ‘देवाची तशीच योजना होती’ असे सांत्वन करणारे आणि ‘घराण्याचे पाप भोवले’ असे कुजबुजणारे, दोघेही भेटतात. सारे देवाच्या योजनेने घडत असेल, तर अनिष्टाचा कर्ताही देवच ठरत नाही का?
– एक वाचक, वसई

उत्तर : ही दोन विधाने एका पारड्यात घालता येणार नाहीत. दुसरे तर बायबलमधील शुभवर्तमानातच, म्हणजे येशूच्या चरित्रग्रंथांतच, नाकारलेले आहे. जन्मांध माणसाविषयी ‘पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे?’ असे शिष्यांनी विचारले, तेव्हा येशूने दोन्ही पर्याय फेटाळले (योहान ९). शिलोहातला बुरूज अंगावर पडून मेलेले अठरा जण इतरांहून अधिक अपराधी नव्हते, असेही त्याने बजावले (लूक १३). त्याच ठिकाणी पश्चात्तापाचा इशारा आहे हे खरे, आणि पुष्कळ उपदेशकांनी सोयीस्करपणे तेवढाच उचलला. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाला, लोक चर्चमध्ये मिस्सा या उपासनाविधीसाठी जमले असताना पोर्तुगालची राजधानी लिस्बन भूकंपाने, मागोमाग आलेल्या समुद्राच्या लाटांनी आणि आगीने उद्ध्वस्त झाले. मालाग्रिडा या जेझुइट (येशूसंघ या कॅथलिक संघाच्या) धर्मगुरूने पुढच्याच वर्षी पत्रक काढून नैसर्गिक कारणे झिडकारली आणि सारा दोष नगरवासीयांच्या पापांवर ठेवला.

पहिले विधान अधिक विचारपूर्वक तपासावे लागते. प्राचीन ख्रिस्ती विचारवंत संत ऑगस्टीन यांच्या मते अनिष्ट ही स्वतंत्र वस्तू नसून चांगुलपणाची उणीव आहे. देव ती निर्माण करीत नाही, घडू देतो, कारण अनिष्टातूनही इष्ट साधण्याचे सामर्थ्य त्याच्यापाशी आहे. तेराव्या शतकात ईश्वरशास्त्रज्ञ थॉमस अक्वायनस यांनी याला जोड दिली, की देव आदिकारण असला तरी सृष्टीतील वस्तूंना आणि माणसांना स्वतःचे खरे कर्तृत्व आहे. त्यामुळे खुनाचा दोष खुन्याकडेच राहतो. परंतु भूकंप किंवा अर्भकाचा आजार यांत कोणाही माणसाची इच्छा गुंतलेली नसते, आणि थांबवू शकणाऱ्याने ते का थांबवले नाही, हा प्रश्न ‘घडू दिले’ या शब्दांनी मिटत नाही. तो मिटल्याचा आव आणणारे ईश्वरशास्त्र मला पटत नाही. निर्दोष असूनही मुलेबाळे, संपत्ती आणि आरोग्य गमावलेल्या ईयोबाच्या, बायबलमधील ग्रंथातही, देवाची बाजू हिरिरीने मांडणाऱ्या मित्रांवरच देव कोपतो आणि गाऱ्हाणे घालणारा ईयोबच योग्य बोलला, असा निर्वाळा देतो. त्याच्यावर ही वेळ का आली, हे मात्र शेवटपर्यंत त्याला सांगितले जात नाही.