औषधासाठी म्हणून येत असाल तर थांबा, ताई

ताई, तुमचा प्रश्न असा: मिस्टरांना रेडिंगला नोकरी मिळतेय, लेकरू पंधरा वर्षांचं, कागदोपत्री मुलगा, पण दोन वर्षांपासून 'मी मुलगी आहे' म्हणतंय. पुण्यातले डॉक्टर सबुरीने घ्या म्हणतात, तर इंग्लंडमध्ये हार्मोन्स लवकर मिळतील का?

नाही मिळणार. उलट इथलं दार गेल्या काही वर्षांत घट्ट लागलंय.

आधी दोन औषधांची गल्लत काढून टाका. वयात येणं थांबवणारी इंजेक्शनं (ट्रिप्टोरेलिन वगैरे) वेगळी आणि इस्ट्रोजेन-टेस्टोस्टेरॉन ही हार्मोन्स वेगळी. इंजेक्शनं या कारणासाठी इंग्लंडच्या सरकारी आरोग्य सेवेने मार्च २०२४ मध्ये सरसकट देणं थांबवलं. जूनपासून खाजगी डॉक्टरांनाही बंदी आली आणि डिसेंबरमध्ये ती बेमुदत झाली. फेरविचार २०२७ मध्ये. तेच इंजेक्शन सात वर्षांची पोर अकाली वयात येत असेल तर मिळतं, हेही खरं. युरोपातल्या डॉक्टरची चिठ्ठी चालत नाही. पुण्याहून पर्समध्ये टाकून आणू, हा विचार तर मनातही आणू नका. ते जवळ बाळगणंही अंगाशी येऊ शकतं.

हार्मोन्सचं वय २०२४ च्या धोरणात सोळाच्या आसपास धरलं होतं, पण एप्रिल २०२४ च्या कॅस अहवालाने (अशा मुलांच्या उपचारांचा डॉ. हिलरी कॅस यांनी घेतलेला आढावा) अठराच्या आत देताना कमालीची सावधगिरी बाळगा, असं बजावलं. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या सँडिफर्ड दवाखान्याने तर नव्या मुलांना अठरापर्यंत थांबायला सांगितलं. जीपी, म्हणजे इथला फॅमिली डॉक्टर, थेट चिठ्ठी देत नाही. आधी मुलांच्या मानसिक आरोग्य सेवेतून किंवा बालरोगतज्ज्ञांकडून जावं लागतं, आणि पुढे रांग वर्षांची. व्हिसासोबत मुलामागे वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार भराल, त्याने रांग आखूड होत नाही. माझा अंदाज विचाराल तर तुमचं लेकरू अठरा वर्षांचं होईल तेव्हाच नंबर लागेल.

आमचं मोठं चौदाचं असताना आलो. पहिल्या भेटीत जीपीने विचारलं, 'घरी कुठल्या नावाने हाक मारतात?' बस, तेवढंच. पण त्या दिवशी गाडीत पोरगी पहिल्यांदा मोकळेपणी बोलली. शाळेत इंग्रजी, त्यामुळे 'आले' की 'आलो' हा प्रश्नच उद्भवत नाही. आजीचा फोन आला की मात्र क्रियापदापाशी अडखळते आणि सरळ 'जेवण झालं' म्हणून मोकळी होते. (आजीला सगळं कळतं, असं माझं मत.) दुसऱ्या एका दवाखान्यात मात्र कागदावरचं नाव भर खोलीत ओरडून पुकारलं, पोर महिनाभर पुन्हा गेली नाही.

तर नोकरी चांगली असेल, शाळा बदलायची असेल, तर जरूर या. पुण्यात एखादं औषध चालू असेल तर ते इथे पुढे चालेल असं गृहीत धरू नका. तिकीट काढण्याआधी त्याच डॉक्टरांशी बोला, आणि सगळ्या तपासण्या व निदानाचं पत्र इंग्रजीत, सहीशिक्क्यानिशी घ्या. आमचं पत्र मराठी-इंग्रजी मिसळ होतं, त्यात दोन महिने गेले.