लाडक्या गायिकेवर लिहिताना
ऑपेरा गायिका मारिया कॅलासवर तुमचा जीव आहे, हे लेखात लपवू नका. मात्र पुच्चिनीच्या ‘तोस्का’ या ऑपेराची तिची १९५३ आणि १९६४ ची ध्वनिमुद्रणे लागोपाठ ऐका आणि कानांना जाणवेल तेच लिहा. पहिल्यात, व्हिक्तोर दे साबाता यांच्या संचालनाखाली, ‘विस्सी दार्ते’ या नायिकेच्या गाण्यातले वरचे स्वरही भरीव लागतात; दुसऱ्यात तेच स्वर ताणताना आवाज हेलकावतो, आणि तो दोष भावनावेग म्हणून खपवणे हा तिच्याच कलेवर अन्याय आहे, कारण त्याच मुद्रणात खलनायक स्कार्पियाशी झुंजताना शब्दाशब्दाला तिने दिलेली धार माझ्या मते अतुलनीय आहे. ‘आवाज उतरला’ असे मोघम लिहू नका, ओळ आणि स्वर नेमका सांगा. तिची समकालीन गायिका रेनाता तेबाल्दी हिच्याशी तुलना करायचीच असेल, तर तेबाल्दीच्या आवाजाची गोलाई आधी मोकळेपणाने मान्य करा.