पहिल्यांदाच सर्व्हे करतोयस ना, मग एवढं सांभाळ

अरे विषय मस्त घेतलायस, माणूस मिळवायला धडपडतो की गमवायचं टाळायला (रेग्युलेटरी फोकस), देवगडच्या आंबा बागायतदारांवर तर नक्कीच कर. पण आधी एक डोक्यात पक्कं बसव, मानसशास्त्रज्ञ हिगिन्सच्या १९९७ च्या मांडणीत मिळवायची ओढ आणि गमवायचं टाळणं ही एकाच पट्टीची दोन टोकं नाहीत, एकाच माणसात दोन्ही भरपूर असू शकतात, त्यामुळे दोन वेगळे स्कोअर काढ. नवीन लोक इथेच चुकतात.

दुसरं म्हणजे स्वतःचे प्रश्न बनवत बसू नकोस. हिगिन्स आणि सहकाऱ्यांची यासाठीच २००१ ची ११ प्रश्नांची प्रश्नावली (Regulatory Focus Questionnaire) आहे, ६ मिळवण्याचे, ५ टाळण्याचे, १ ते ५ गुण. त्यातले ७ प्रश्न उलटे आहेत, म्हणजे जास्त गुण तर ती गोष्ट कमी, म्हणून त्यांचे गुण ६ मधून वजा करायचे. मी पहिल्या वेळी हे विसरलो आणि सगळा निकालच उलटा आला, दोन रात्री फुकट.

भाषांतर बोलीत कर आणि आधी पाच-सहा जणांना वाचून दाखव. "नाही" दोनदा आलं की आमचे काका लोक हमखास भलतंच उत्तर देतात.

आणि वागण्यावरून ठरवू नकोस. मोहरावर तुडतुडे पडले की दोन्ही प्रकारचे बागायतदार फवारतात, एक म्हणतो "यंदा चार पेट्या जास्त काढू", दुसरा म्हणतो "आलेला मोहर तरी गळू नये". फवारणी तीच, हेतू वेगळा, आणि तुला मोजायचाय तो हेतू.

फॅक्टर ॲनालिसिस (कुठले प्रश्न एका गटात पडतात ते तपासणं) वगैरे नंतर बघू, आधी दहा फॉर्म भरून आण.