मोत्याला कुणाकडे द्यावं?

प्रश्न : डॉक्टर, माझी पुण्याला बदली झालीय, तिथले घरमालक कुत्रा नको म्हणतात. आमचा चार वर्षांचा लॅब्रडॉर मोत्या एक ओळखीतले गृहस्थ फुकट मागतायत. देऊ का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : द्या, पण आधी त्यांच्या घरी जाऊन या. माणूस किती गोड बोलतो ते सोडा, मोत्या दिवसभर कुठं असणार ते बघा. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२च्या वर जातो. पत्र्याखाली साखळीला बांधणार असतील तर चहा पिऊन परत फिरा. फुकटच्या कुत्र्यामागं पिल्लांचा धंदा करणारेही असतात, म्हणून नसबंदी आधीच उरका. रेबीजच्या लसीचं कार्ड सोबत द्या, फोटो स्वतःकडं ठेवा. साध्या कागदावर दोघांच्या सह्या घ्या, त्यात ‘जमलं नाही तर आम्हालाच परत’ हे लिहाच. खाताना गुरगुरत असेल तर तेही सांगा. लपवलं की चौथ्या दिवशी कुत्रा दारात. त्याची चादर न धुता द्या, आणि पहिले काही दिवस भाकरीच खात असेल तर भाकरीच. कुठं नेऊन सोडायचा विचार मात्र नको, १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं तो गुन्हा ठरू शकतो.