कोल्हापुरातल्या घराचं लाईट बिल दर महिन्याला खात्यातून आपोआप जाऊ द्यावं का?

राजारामपुरीत आई-वडील दोघंच आणि तुम्ही पुण्यात, तर जरूर लावा. बिलावरचा 12 अंकी ग्राहक क्रमांक घ्या आणि बँकेच्या किंवा यूपीआयच्या ॲपमध्ये महावितरण निवडून ऑटोपे सुरू करा. कमाल रक्कम उन्हाळ्याच्या बिलावरून ठरवा. हिवाळ्याचं बिल बघून ठरवलीत तर एप्रिल-मेचं बिल त्यात बसत नाही, पैसे जात नाहीत आणि वर विलंब आकार लागतो. बिलाच्या तारखेपासून 7 दिवसांत भरलं तर 1 टक्क्याच्या आसपास सूट मिळते, ती तारीख बिलावरच छापलेली असते. पैसे त्याआधी कापले जातात का, तेवढं तपासा.

माझी खरी काळजी वेगळी आहे. पैसे आपोआप जायला लागले की बिल कुणी उघडूनच बघत नाही. पैसे कापण्याच्या 24 तास आधी मेसेज येतो. त्या दिवशी बिलावरचं ‘चालू रीडिंग’ मीटरशी ताडून बघायला वडिलांना सांगा. घर बंद होतं म्हणून सरासरी बिल आलं असेल, तर लगेच तक्रार नोंदवा. आणि ते खातं पेन्शनचं नको, त्यासाठी वेगळं ठेवा.