आमच्या जुन्या रस्त्याचा इतिहास दाखवणारं मोठं म्युरल करून घ्यायचंय. चित्रकार कसा निवडावा?

चित्रकाराचं नंतर बघा, आधी भिंत बघा. मी हे चिडून लिहितेय कारण आमच्या कमिटीत मी हेच सांगत होते आणि कोणी ऐकलं नाही.

आमचा रस्ता एकेकाळी छापखान्यांचा. म्युरल करायचं ठरलं तेव्हा पहिला वाद चित्रात कोणाला दाखवायचं यावरून. अध्यक्षांना नामवंत मंडळींचे चेहरे हवे होते, मला खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवणारे कंपोझिटर आणि फर्मे, म्हणजे छापलेले मोठे कागद, दुमडणाऱ्या बायका हव्या होत्या, माझी मावशी त्यातलीच, तिने उभं आयुष्य बाइंडिंगमध्ये काढलं. शेवटी तोड निघाली की वर नामवंत आणि खाली कामगार. मीही हो म्हटलं, कारण खाली असले तर येणाजाणाऱ्यांच्या नजरेसमोर तरी राहतील.

भिंत जुनी, चुन्याच्या गिलाव्याची, मागून पावसाच्या पाण्याचा पाइप फुटलेला. कमरेइतक्या उंचीपर्यंत पांढरे क्षार फुललेले दिसत होते. मी मीटिंगमध्ये म्हटलं, आधी पाइप दुरुस्त करू, भिंत एक उन्हाळा वाळू देऊ. उत्तर मिळालं, "ताई, चित्रकाराला कळतं ते, उद्घाटनाची तारीख ठरलीय." वरून प्रायमर मारला, त्यावर ॲक्रिलिक, म्हणजे वाळल्यावर प्लास्टिकसारखा थर धरणारा रंग. चित्र सुंदर झालं होतं, मावशीचे हात तर हुबेहूब. दोन पावसाळ्यांत खालचा पट्टा पोपडे धरून गळून पडला. ओल जमिनीतून वर चढते, मग पहिलं काय जाणार? मावशी गेली, कंपोझिटर गेले, वरचे चेहरे अजून आहेत. लोक म्हणाले रंग हलका होता. रंग हलका नव्हता हो, ॲक्रिलिकच्या थराने भिंतीचा श्वास कोंडला, आत अडकलेल्या पाण्याने आणि क्षारांनी तो थर आतून ढकलून काढला.

चुन्याच्या भिंतीला सिलिकेट रंग लागतो. तो वर पापुद्र्यासारखा बसत नाही, गिलाव्याशीच रासायनिक रीतीने जोडला जातो आणि वाफ बाहेर जाऊ देतो. जर्मनीत अडॉल्फ काइम (Keim) नावाच्या माणसाने १८७८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, म्हणजे हे काही नवीन खूळ नाही. मात्र जुना ऑइल पेंट असेल तर तो पूर्ण खरवडल्याशिवाय त्यावर हा धरत नाही. आणि उघडी जुनी वीट किंवा घडीव दगड असेल तर त्यावर काहीही रंगवू नका, तीच तुमच्या रस्त्याची खरी जुनी गोष्ट आहे, चित्र दुसऱ्या भिंतीवर करा.

आता चित्रकार. पोर्टफोलिओत नवीन फोटो सगळेच दाखवतात, तुम्ही त्याचं पाच-सात वर्षांपूर्वीचं काम प्रत्यक्ष जाऊन बघा. स्केचचे पैसे वेगळे द्या, फुकट स्केचेस मागवून स्पर्धा लावणं मला अजिबात पटत नाही. करारात घरमालकाची लेखी परवानगी, देखभाल कोण आणि किती वर्षं करणार, भिंत पाडायची वेळ आली तर चित्रकाराला आधी कळवायचं, हे सगळं घाला. पैसे दिले म्हणजे चित्राचं काहीही करता येतं असं नाही. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं ब्राँझचं म्युरल १९७९ मध्ये काढून टाकलं, त्यात ते मोडलं, सहगल कोर्टात गेले आणि २००५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. कॉपीराइट कायद्याचं कलम ५७, म्हणजे विकल्यानंतरही कलाकाराचा आपल्या कामावर राहणारा हक्क, वकिलाकडून नीट समजून घ्या.

हां, तुमची भिंत सिमेंटची आणि कोरडी असेल तर चांगलं ॲक्रिलिक चालतं, फक्त नवा गिलावा असेल तर किमान २८ दिवस तरी थांबा. ओलीची शंका असेल तर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवून एक दिवस ठेवा, आतून घाम धरला तर काम थांबवा, मग उद्घाटनाला कोणीही येणार असो.

मावशीचं मूळ स्केच मी जपून ठेवलंय. खालचा पट्टा पुन्हा करूया असं आता कमिटीच म्हणतेय. पाइप बदलल्याचं बिल दाखवल्याशिवाय मी ते स्केच देणार नाही.